चालू संसारातली खावटी

हे खरं तर कुणाला सांगण्यासारखं नाही, पण तुम्ही चहा पाजताय आणि आग्रह करताय, तर सांगतो. एक शब्द होता. शिवी नाही, काही नाही, साधा तीन अक्षरांचा शब्द. तो मी दर महिन्याच्या एक तारखेला मोबाईलवर टाईप करत गेलो, सलग तीन वर्षं, आणि त्यापायी बँकेच्या, आयकराच्या अन् सासऱ्याच्या लेखी माझा घटस्फोट झाला. बायकोला पत्ता नाही, मला पत्ता नाही, आणि घटस्फोट झालेला.

सुरुवातीपासून सांगतो. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. माझी बायको महानंदा तेव्हा नांदेडला सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. तिची नोकरी तिकडं, माझी इकडं. लेक श्रेया आईपाशी, कारण शाळा तिथली. मी शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी धरायचो, रविवार लेकीबरोबर काढायचो, सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं परत. सहा वर्षं हाच आमचा संसार.

तिकडचं घरभाडं आणि श्रेयाची फी म्हणून मी महिन्याला महानंदाच्या खात्यावर पैसे टाकायचो. आता मोबाईलवरून पैसे पाठवताना खाली एक रिकामी जागा येते, कशासाठी पाठवताय ते लिहा म्हणून. बाकीची माणसं काय लिहितात? घरखर्च लिहितात, नाहीतर जागा तशीच सोडतात. पण मी पडलो हुशार. त्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या एका सहकाऱ्याच्या निकालाची चर्चा चाललेली. कोर्टानं त्याला घटस्फोटित बायकोला दरमहा पोटगी द्यायला लावलेली. पोटगी पुस्तकात, आमच्याकडं तिला खावटी म्हणतात. तो बिचारा डोकं धरून बसलेला आणि मला विनोद सुचला. त्या रिकाम्या जागेत मी लिहिलं, 'खावटी'.

पहिल्या महिन्यात महानंदा हसली. फोन करून म्हणाली, "वकील कोण लावला तुम्ही?"

दुसऱ्या महिन्यात म्हणाली, "पुरे आता."

तिसऱ्या महिन्यात काहीच म्हणाली नाही. ज्याला थोडीफार अक्कल आहे तो माणूस तिथं थांबतो. मी थांबलो नाही. पुढं पुढं तर विनोद राहिलाच नाही, सवय झाली. बोट आपोआप ती अक्षरं दाबायचं.

तर अशी तीन वर्षं गेली आणि महानंदाची बदली लातूरला झाली; हजर मात्र दोन-अडीच महिन्यांनी व्हायचं होतं. सहा वर्षांनी एका छताखाली राहायचा योग. आम्ही लई खूश. औसा रोडला एका निवृत्त मास्तरांचा दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला, हवेशीर, खाली श्रेयाला सायकल चालवायला जागा. मास्तरांना इसार दिला. दोन महिन्यांत खरेदीखत करायचं, नाहीतर इसार बुडाला, असं कागदावर ठरलं. दोघांचेही पगार सरकारी, कर्जाला काय अडचण? दोघांच्या नावानं अर्ज केला आणि मी निवांत झालो. पडद्यांचे रंग बघायला लागलो.

दहा दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. कर्जाचं काम बघणारे साहेब गंगाधरराव. देगलूरकडचा माणूस, अतिशय सज्जन, आवाज बारीक, आणि चेहऱ्यावर हसू म्हणून कधी उमटलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्यापुढं माझा खातेउतारा होता आणि त्यावर छत्तीस ठिकाणी पेन्सिलीनं गोल केलेले.

"सर, ही खावटी कोर्टाच्या आदेशानं हाय का आपसात ठरलेली?"

मी मोठ्यानं हसलो. गंगाधरराव हसले नाहीत, तेव्हा थोडं कमी हसलो.

"साहेब, ती गंमत हाय. बायकोला घरखर्चाला पाठवतो."

"कोणत्या बायकोला?"

"एकच हाय साहेब. अर्जावर सहकर्जदार म्हणून जिची सही हाय, ती."

त्यांनी अर्ज पाहिला. उतारा पाहिला. पुन्हा अर्ज पाहिला. पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे ज्यांना खावटी देताय, त्यांच्यासोबतच आता घर घेऊन राहिले?"

"हाव."

"दोघांचा समेट झाला का मग?"

"भांडणच न्हाई तर समेट कशाचा, साहेब?"

गंगाधररावांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज आणखी खाली आणला. "सर, लाजायचं कारण न्हाई. मागच्याच महिन्यात एकानं असंच लपवलं होतं. खावटी म्हणजे आमच्या लेखी हप्ताच असतो. पगारातून ती आधी वजा करायची, उरलेल्यावर कर्ज किती बसतंय ते बघायचं. म्हणून लोकं खावटी लपवत्यात. आन् सापडली की सगळे हेच म्हणत्यात, गंमत हाय."

खरं बोललो तर खोटारडा ठरत होतो.

"बरं, वजा करा," मी म्हणालो. "पण मग तिच्या उत्पन्नात तेवढी मिळवा. बेरीज तीच येईल."

"तिकडं मिळवायला कोर्टाचा हुकूम लागतो. हुकूम आणा, मग बघू."

"हुकूम कुठून आणू? घटस्फोटच झालेला न्हाई."

"मग तसा कागद आणा."

"कसला?"

"घटस्फोट न झाल्याचा."

मी बँकेच्या पायऱ्या उतरताना विचार करत होतो. जन्माचा दाखला मिळतो, मृत्यूचा मिळतो, लग्नाचा मिळतो. न झालेल्या घटस्फोटाचा दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो? मोबाईलमध्ये हिशेब केला. माझ्याकडून वजा आणि तिच्याकडं शून्य, असं धरलं तर मंजूर होणाऱ्या कर्जात फ्लॅट येत नव्हता. एक बेडरूम कमी पडत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण बँकेचा नियम असा, की सहकर्जदाराच्या पत्त्यावर माणूस जाऊन चौकशी करतो. मला वाटलं, बरं झालं. माणूस नांदेडला जाईल, संसार बघेल, शंका फिटेल. माणूस गेला. महानंदा ड्युटीवर होती. भेटल्या घरमालकीण शकुंतलामावशी. मावशी स्वभावानं सरळ, विचाराल तेवढं खरं सांगणाऱ्या. हीच अडचण झाली.

नवरा इथं राहतो का, असं त्यानं विचारलं. मावशी म्हणाल्या, "न्हाई, तो लातूरला ऱ्हातो."

मुलगी कुणाकडं असते? "आईपाशी."

नवरा येतो का? "इतवारी येतो की लेकराला भेटायला. सोमवारी जातो."

पैसे देतो का? "टायमावर देतो बाबा. तसा माणूस लई चांगला हाय."

यातला एक शब्द खोटा आहे का सांगा. मी स्वतः सांगितलं असतं तरी हेच सांगितलं असतं. बँकेत अहवाल गेला: पती-पत्नी विभक्त, मुलीचा ताबा पत्नीकडे, पती रविवारी मुलीस भेटतात, संबंध सलोख्याचे. गंगाधररावांनी मला तो वाचून दाखवला आणि शेवटच्या दोन शब्दांबद्दल माझं कौतुकही केलं.

जाता जाता त्या माणसानं मावशींना विचारलं होतं, "घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली ना?" मावशींना घेरीच यायची बाकी राहिली. माझ्या सासूबाईंचा नंबर त्यांच्याकडं होता. फोन कंधारला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तास संपवून बाहेर आलो, तर कॉलेजच्या आवारात लिंबाखाली सासरे बसलेले. वैजनाथअप्पा. कंधारला त्यांचं किराणा दुकान आहे आणि लग्नाला पंधरा वर्षं झाली, कामाच्या दिवशी ते दुकान बंद असलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बंद ठेवून आले होते.

"शरणार्थ, अप्पा. अचानक?"

"शरणार्थ. बसा जरा."

बसलो. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जावाईबापू, आमचं काय चुकलं?"

मला वाटलं, घरात कुणाला काही झालं. "अप्पा, काय झालं ते तर सांगा."

"तुम्ही सांगायचं का मी? तीन वर्षं झाली म्हणं. तीन वर्षं दोघं मिळून सणाला येत होतात, जेवून जात होतात, आन् आम्हाला कळू दिलं न्हाई. माणसानं याला चांगलं म्हणावं का वाईट, तेच समजून न्हाई राहिलं. रातभर तिची आई रडली."

मग मी सगळं सांगितलं. रिकामी जागा, विनोद, बँक, पेन्सिलीचे गोल. सांगताना तो विनोद लहान लहान होत गेला आणि शेवटी काहीच उरला नाही. अप्पा हात पुढं करून म्हणाले, "दाखवा."

मोबाईल दिला. त्यांनी एकेक महिना बोटानं वर सरकवत पाहिला.

"संक्रांतीच्या महिन्यात बी लिवलंय."

"हाव."

"श्रावणात बी."

"हाव, अप्पा."

"दिवाळीत तर तुम्ही आमच्या घरी होतात."

मी मान खाली घातली. कंधारला त्यांच्याच घरात, त्यांच्याच बाजेवर बसून, त्यांच्याच हातचा चिवडा खात मी त्यांच्या लेकीला खावटी पाठवली होती.

अप्पांनी मोबाईल परत दिला. "चाळीस वर्षं दुकान करतो. वहीत गंमत म्हणून एक अक्षर लिवलं न्हाई." एवढंच बोलले. टोपी घातली आणि उठले. मी म्हणालो, चहा तरी घ्या. म्हणाले, "आज नको. आधी तिच्या आईला फोन करतो." पण चार पावलं जाऊन त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. धावत गेलो, तर माणूस तोंडावर उपरणं धरून हसत होता. मला बघितल्यावर मात्र चेहरा पुन्हा सासऱ्याचा केला.

तर सासरचं कोडं सुटलं. आता राहिली बँक. गंगाधररावांनी दोघांचं मिळून शपथपत्र मागितलं आणि महानंदाची दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं. ती भरून देणारे नांदेडचे पाठक साहेब. रविवारी मी महानंदाबरोबर त्यांच्याकडं गेलो. वयस्कर गृहस्थ. तिला बघून उठले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"हे कोण?"

"माझे मिस्टर," महानंदा म्हणाली.

पाठक साहेबांनी चष्मा काढला. "परत आले?"

त्या माणसानं दोन वर्षं माझ्या बायकोचा खातेउतारा पाहिला होता. दरमहा खावटी. त्यांनी नियमानं ती तिच्या उत्पन्नात धरली आणि त्यावर कर भरायला लावला. महानंदाला वाटलं, पगार वाढला म्हणून कर वाढला. दवाखान्यातल्या ड्युटीतून तिला कागद वाचायला वेळ कुठं? जिथं सांगितलं तिथं सही.

"दर महिन्याला येणारी खावटी घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात," पाठक साहेब मला सांगत होते, पण बघत होते भिंतीकडं. "एकरकमी मिळाली असती तर गोष्ट निराळी होती. मला वाटायचं, बाईंच्या वकिलानं एकरकमी का नाही मागितली? पण विचारलं नाही. खासगी दुःख असतं एकेकाचं."

"आणि देणाऱ्याला काही सूट?" मी विचारलं. का विचारलं मला माहीत नाही.

"काही नाही. त्यानं आपल्या कर भरलेल्या पगारातून द्यायचं."

म्हणजे बघा. त्या पैशावर एकदा मी कर भरला. मग तेच पैसे तिच्याकडं गेले, त्यावर तिनं कर भरला. सरकारनं आमच्या संसारातून दोनदा घेतलं, आणि बँक म्हणते माझ्याकडून वजा.

महानंदा शांतपणे विचारत होती. "साहेब, नवऱ्यानं घरखर्चाला दिलेल्या पैशावर कर किती?"

"नवऱ्यानं? काहीच नाही."

"म्हणजे यांनी 'घरखर्च' लिहिलं असतं तर?"

"काही नाही."

"आणि काहीच लिहिलं नसतं तर?"

"तरी काही नाही, बाई."

"बरं," महानंदा म्हणाली.

ज्यांचं लग्न झालंय त्यांना या 'बरं'चं वजन सांगायला नको.

पाठक साहेबांनी सांगितलं, यंदाचं विवरणपत्र सुधारून देता येईल, जास्तीचा कर परत मिळेल. आधीच्या वर्षाची मुदत गेली, ते पैसे गेले. मग थोडं घुटमळून म्हणाले, "आणखी एक. एकटी बाई म्हणून मी यांच्याकडून फी अर्धीच घेत होतो." उरलेली अर्धी मी तिथंच दिली. मोजून घेतली त्यांनी.

शपथपत्राला आम्ही लातूरच्या कोर्टासमोर टंकलेखकाच्या टेबलाशी उभे. शेजारी नोटरी वकील काळा कोट घालून बसलेले. ते बोलायचे, तो टाईप करायचा. मी हकीकत सांगितली. वकिलांनी मजकूर सांगायला सुरुवात केली, "अर्जदार क्रमांक एक यांनी सदर शब्द विनोदाने लिहिला असून..." आणि थांबले.

"विनोद कशासाठी केला, ते यायला पाहिजे."

"हसवायला."

"कुणाला?"

"हिला."

वकील महानंदाकडं वळले. "बाई, तुम्ही हसलात का? शपथेवर हाय, खरं सांगा."

"पहिल्या महिन्यात हसले."

"नंतर?"

"न्हाई."

टाईप झालं: 'सदर विनोदास अर्जदार क्रमांक दोन या पहिल्या महिन्यात हसल्या. त्यानंतर हसलेल्या नाहीत.' खाली माझी सही, तिची सही, शिक्का. आजपर्यंत मी वर्गात, स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यात शेकडो विनोद केले असतील. सरकारी शिक्क्यानिशी पडलेला हा एकच.

गंगाधररावांनी ते शपथपत्र दोनदा वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फाइलला लावलं आणि म्हणाले, "ठीक हाय. मॅडमशी जरा एकट्यात बोलायचं हाय. नियम न्हाई, पण खबरदारी."

महानंदा केबिनमध्ये गेली. मी बाहेर बाकावर. काचेतून दिसत होतं, ते विचारतायत, ती मान हलवतेय, ते लिहितायत. दहा मिनिटांनी बाहेर आली.

"काय विचारलं?"

"काही न्हाई. नेहमीचंच."

इसाराची मुदत संपायला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. गंगाधरराव म्हणाले, फाइल थांबलीय. कॉलेजात तास घेताना माझं लक्ष नाही, बेडकाच्या हृदयाचे कप्पे चुकलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. फाइल थांबलीय.

"साहेब, आता कशासाठी? सगळे कागद दिले. शपथपत्र दिलं. विनोदसुद्धा कबूल केला."

त्यांनी काही न बोलता फाइल माझ्याकडं फिरवली. त्यांच्या बारीक, स्वच्छ अक्षरात शेरा होता: 'सहकर्जदार यांना पतीसोबत यापुढे एकत्र राहण्यास तयार आहात काय, अशी विचारणा केली. त्यांनी विचार करण्यास दोन दिवसांची मुदत मागितली. मुदत दिली.'

मी बँकेच्या दारातूनच फोन लावला. "महानंदा, तू मुदत मागितली?"

"हाव. साहेब म्हणले, सावकाश विचार करा."

"अगं, आपला इसार बुडायला आलाय."

"म्हणून तर दोनच दिवस मागितले."

ती रात्र मी कशी काढली ते विचारू नका. दोन दिवस भरले, तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं बँकेत फोन केला, दुपारी कर्ज मंजूर झालं, आणि मुदतीच्या एक दिवस आधी खरेदीखतावर सह्या झाल्या. आता वर्ष होत आलं, औसा रोडला एकाच घरात राहतोय.

बँकेला तिनं तिसऱ्या दिवशी होकार कळवला. मला अजून काही कळवलेलं नाही.